तळ्याकाठचा मुक्काम आणि पाण्याचा अंदाज

वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येक शेतकरीबंधूच्या दृष्टीस एक वाक्य वर्षांतून दहा-वीस वेळां तरी पडत असेल. "पाण्याचा अंदाज न आल्यानें अमुक गांवचा तरुण बुडून मरण पावला." वाक्य लहान असतें, तें वाचून आपण पान उलटतों. आमची गोष्ट थोडी निराळी आहे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां असल्या प्रकरणांचे कागद आमच्या मेजावर येत. पंचनाम्याची नक्कल, तलाठ्याचा अहवाल, वारसाचा जबाब आणि मदतीचा अर्ज एकत्र टांचून त्यांवर टिपणी लिहिणें हें आमचें काम होतें. टिपणींत हेंच वाक्य आम्हीं किती वेळां उतरलें असेल याची गणती नाहीं.

एका प्रकरणांत मात्र लेखणी अडली. दोघे चुलतभाऊ, एक एकोणीस वर्षांचा व दुसरा सतरा वर्षांचा, गळ टाकण्यासाठीं एका धरणाच्या काठीं गेले होते. गळ खडकांत अडकला. तो सोडविण्यास धाकटा पाण्यांत उतरला, आणि धाकट्यास काढण्यास थोरला. दोघेही विहिरींत पट्टीचे पोहणारे होते. थोरल्याचा बाप सही करून झाल्यावर मेजासमोरून हलेना. त्यानें आम्हांस एवढेंच विचारलें, "भाऊसाहेब, अंदाज यायला काय पाहिजे होतं?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. सेवानिवृत्त झाल्यावर आम्हीं त्या प्रश्नाचा शोध घेतला. जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

मुक्कामास जावें कीं न जावें?

अलीकडे शेतकऱ्यांचीं तरुण मुलें सुटी मिळाली कीं तंबू घेऊन एखाद्या धरणाच्या काठीं मुक्कामास जातात. वडील मंडळींस हें पटत नाहीं. "शेतकऱ्यास असली चैन कशास?" असें कित्येक म्हणतात. आमचें मत असें कीं, रागावल्यानें मुलें जावयाचीं थांबत नाहींत. तीं फक्त न सांगतां जातात. त्यापेक्षां घरांतील एका जाणत्या माणसानें एकदां बरोबर जावें आणि स्वतःही शिकावें. शिवाय ज्या तळ्याच्या पाण्यावर आपला ऊंस व गहूं उभा आहे तें तळें जन्मांत एकदांही न पाहणें हें शेतकऱ्यास शोभत नाहीं.

या विचारानें गेल्या मार्गशीर्षांत आम्ही, आमचे व्याही आणि दोघे पुतणे असे चौघे जण दोन रात्रींच्या मुक्कामासाठीं भंडारदऱ्यास गेलों. संगमनेराहून अकोलें, तेथून राजूर, पुढें वाटेंत रंधा धबधबा आणि मग धरणालगतचें शेंडी गांव असा रस्ता आहे. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरांत उगम पावते. तिला येथें अडविलें आहे. धरणाचें काम १९२६ सालीं पुरें झालें. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव धरणास, व आर्थर हें नांव जलाशयास देण्यांत आलें. दगडी बांधाची उंची सुमारें २७० फूट आहे. तळ्याच्या दुसऱ्या टोंकास रतनवाडी असून तेथें अमृतेश्वराचें प्राचीन देवालय आहे. उत्तरेस कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर उंच उभें आहे.

तळ्यांत ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी मावतें. हा आंकडा वर्तमानपत्रांत आपण दरवर्षीं वाचतों, पण त्याचा अर्थ मनांत उतरत नाहीं. तो असा उतरवावा. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट पाणी. एक क्युसेकाचा प्रवाह तासभर चालला, तर एक एकर रानांत सुमारें एक इंच पाणी उभें राहतें. चार इंचांची एक पाळी धरली, तर एका एकरास एक क्युसेकाचे चार तास लागतात. या हिशेबानें एक दशलक्ष घनफुटांत, वाटेंतील गळती न धरतां, सुमारें ६९ एकरांची एक पाळी भिजते. हा हिशेब आमच्या पुतण्यांनीं बांधासमोर बसून कागदावर मांडला. तो मांडल्यावर घरचा पाट रात्रीं फुटून वाहूं देण्याची संवय त्यांस प्रथमच खटकली.

मुक्कामाची जागा

तंबूची जागा निवडण्याचे नियम थोडे व सोपे आहेत.

पहिला नियम असा कीं, धरणाच्या खालच्या अंगास नदीच्या पात्रांत, वाळूवर अगर पात्रांतील खडकावर कधींही मुक्काम करूं नये. पुष्कळांस वाटतें कीं, धोका पावसाळ्यांतच असतो. तें खरें नव्हे. रब्बीच्या व उन्हाळी आवर्तनासाठीं पाणी सोडलें कीं आकाश निरभ्र असतांही पात्र भरूं लागतें. भंडारदऱ्याचें पाणी नदीनेंच खालीं निळवंडे धरणाकडे व पुढें ओझर बंधाऱ्याकडे येतें, आणि तेथून पाटांस लागतें. म्हणजे ज्या पाण्याची आपण गांवीं वाट पाहतों, तेंच वर पात्रांत निजलेल्या माणसाचा घात करूं शकतें. भोंगा वाजला किंवा पाण्याचा रंग गढूळ होऊन त्यावर पाला-काटक्या वाहूं लागल्या, तर सामान गोळा करीत बसूं नये. उठून सरळ उंचावर जावें. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाणीही वेगांत असेल तर धडधाकट माणसाचे पाय उखडतें.

दुसरा नियम असा कीं, तळ्याच्या काठींही पाण्याच्या खुणेच्या वर राहावें. काठावर गवत जेथें संपतें आणि उघडी माती लागते ती रेषा म्हणजे भरल्या तळ्याची खूण होय. तंबू त्या रेषेच्या वर, सपाट जागीं, ओढ्याच्या वाटेबाहेर असावा. वाळलेल्या झाडाखालीं तो नसावा.

तिसरा नियम विस्तवाचा. तळ्याभोवतींचा बराच मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो. हें अभयारण्य १९८६ सालीं घोषित झालें. अशा ठिकाणीं वनखात्याची परवानगी घेतल्याखेरीज मुक्काम करूं नये व विस्तव पेटवूं नये. जेथें परवानगी असेल तेथें लहान खळगा खणून, भोंवतालचें गवत काढून चूल मांडावी, आणि निघतांना पाणी ओतून राख हातास गार लागेपर्यंत विझवावी. मार्गशीर्षांत तेथें थंडी व दंव फार. तरी निखाऱ्यांची शेगडी तंबूंत घेऊन कोणीही निजूं नये. बंद जागेंत निखाऱ्यांपासून जो वायु निघतो त्यास वास नसतो, आणि निजलेला माणूस त्यानें निजलेलाच राहतो.

चौथा नियम स्वच्छतेचा. शौचास पाण्यापासून निदान शंभर पावलें दूर जावें, हातभर खड्डा करून माती लोटावी. उरलेलें अन्न, पत्रावळी, प्लॅस्टिकच्या पिशव्या पोत्यांत भरून परत आणाव्या. या पाण्यावर खालचीं कित्येक गांवें पितात. तेथें टाकलेली घाण आपल्याच माठांत येते, हें पुन्हां सांगणें नको.

गळ व मासे

सरकारी जलाशयांतील मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेस ठेक्यानें दिलेला असतो, आणि अभयारण्यांत वनखात्याचे निराळे निर्बंध असतात. आपल्या बांधावरील आंबा वाटसरूनें न विचारतां उतरविला तर आपणांस जें वाटेल तेंच येथें ठेकेदार संस्थेस वाटतें. म्हणून एक गळ टाकावयाचा असला तरी आधीं विचारावें. आम्हीं काठच्या वस्तींत चौकशी केली व जेथें हरकत नव्हती तेथेंच बसलों.

साहित्य फार लागत नाहीं. बांबूची काठी, दोरा, गळ, शिशाचें लहान वजन आणि तरंगा. तरंग्यास ज्वारीच्या ताटांतील भेंड उत्तम. आमिषास गांडूळ अगर कणकेची गोळी. मासे खावयास बहुधा पहांटे व सांजवेळीं निघतात. कडाक्याच्या थंडींत मात्र ते सुस्त असतात व दुपारच्या उन्हांत उथळ, तापलेल्या काठाशीं येतात.

मासळीच्या जाती ओळखणें शेतकऱ्यास उपयोगाचें आहे. कटला वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या थरांत, आणि मृगळ तळाशीं. तिघांचें खाणें निराळें असल्यामुळें एकाच तळ्यांत तिन्ही सोडले तर ते एकमेकांच्या आड येत नाहींत. बाजरींत तूर व मटकी पेरण्यासारखाच हा प्रकार आहे. मरळ, वाम व शिवडा हे मात्र दुसऱ्या माशांस खाणारे. त्यांस बीज सोडलेल्या तळ्यांत येऊं देऊं नये.

येथें एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. मृगाचा पहिला पाऊस पडून ओढे वाहूं लागले कीं नदींतील मासे प्रवाहाच्या उलट ओढ्यांत व भातखाचरांत चढतात. यांसच आपण चढणीचे मासे म्हणतों. त्या दिवसांत गांवची गांवें काठ्या, टोपल्या व जाळीं घेऊन बाहेर पडतात आणि आमच्या लहानपणीं आम्हीही पडत असूं. हे मासे चढतात ते अंडीं घालण्यासाठीं. रोहूसारख्या मोठ्या मादीच्या पोटांत लक्षावधी अंडीं असतात. ती मारणें म्हणजे पेरणीच्या दिवशीं बियाण्याची कणगी फोडून खाणें होय. कटला, रोहू व मृगळ साचलेल्या पाण्यांत आपण होऊन अंडीं घालीत नाहींत, त्यांस पुराचें वाहतें पाणी लागतें. म्हणून पूर्वीं त्यांचें बीज नद्यांतूनच धरून आणावें लागे. १० जुलै १९५७ रोजीं कटक येथें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं माशांच्या मेंदूलगतच्या ग्रंथीचा अर्क टोंचून त्यांस अंडीं घालावयास लावण्यांत यश मिळविलें, तेव्हांपासून तळीं भरण्याइतकें बीज मिळूं लागलें. तो दिवस आजही देशांत मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. तथापि ओढ्यानदीचे मूळचे मासे चढणींतच वाढावयाचे. त्यांस ते पंधरा-वीस दिवस सोडावे. पाण्यांत विष कालविणें किंवा सुरुंग उडविणें हें तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हाच आहे.

अंदाज म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशीं सकाळीं एका खडकावर बसलों असतां काठच्या वस्तींतील एक वृद्ध गृहस्थ गुरें पाजण्यास आले. पुतण्यांनीं त्यांस राम राम करून बसविलें व चहा दिला. ते तळ्याकडे पाहात म्हणाले, "वरून पानी उगी दिसतं. खाली जुना वढा हाय."

आम्हीं दोऱ्यास शिसें बांधलें, हात-हातावर गांठी मारल्या व पाणी मोजलें. खडकाच्या पायथ्याशीं दोन हात पाणी होतें. तेथून दहा पावलांवर शिसें टाकलें तों दोन परस दोरा संपला तरी तळ लागेना. वर पाणी दोन्ही ठिकाणीं सारखेंच, निळें व निश्चल.

तेव्हां त्या बापाच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस समोर दिसलें. उभ्या नोकरींत आम्हीं गांवनकाशे हाताळले, सातबारे उतरले, आणि बुडीत क्षेत्राचे आंकडे बेरजेस घेतले. पण धरणाचा तळ म्हणजे एक बुडालेलें शिवार आहे हें ध्यानांत घेतलें नाहीं. त्या शिवारांत बांध आहेत, खाचरें आहेत, ओढ्याच्या दरडी आहेत आणि क्वचित् जुनी विहीरही आहे. कंबरभर पाण्यांतून चालणारा माणूस पुढच्या पावलास बांधावरून ओढ्यांत पडतो. विहिरीचें पाणी तसें नसतें. विहिरींत पोहणाऱ्यास आठ-दहा हातांवर चहूंकडे कांठ असतो, म्हणून त्यास दम किती पुरतो याची परीक्षा कधीं होतच नाहीं. तळ्यांत कांठ दूर, पाणी वर कोमट व खालीं बर्फासारखें, आणि तळाशीं गाळ. पाय गाळांत रुतला म्हणजे पोहणें येऊन न येऊन सारखेंच.

आणखी एक गोष्ट. वरून पाहतां पाणी आहे त्यापेक्षां उथळ दिसतें. चार हात खोल असलें तर तीन हात भासतें. बालदींत नाणें टाकून पाहावें म्हणजे खात्री पटेल. सारांश, डोळ्यांनीं पाण्याचा अंदाज येत नाहीं. तो दोऱ्यानें, काठीनें व काठच्या माणसास विचारून घ्यावयाचा असतो.

हें बोलणें चाललें असतांच धाकट्या पुतण्याचा गळ खडकाच्या कपारींत अडकला. त्यानें दोरा दोन वेळां ओढला, काठी खालीं ठेवली, आणि सदऱ्याच्या गुंड्या काढूं लागला. आमच्या घशांतून शब्द फुटेना. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनीं त्याच्या मनगटावर हात ठेवला व म्हणाले, "पोरा, गळ पाच रुपयाचा हाय."

पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें. "तात्या, कापू का?" आम्हीं मान हलविली. त्यानें दोरा कापला.

नवा गळ बांधून तो पुन्हां बसला आणि दुपारपर्यंत त्यास दोन लहान मासे मिळाले. ते त्यानें परत सोडले. आम्ही मात्र बराच वेळ त्या कापलेल्या दोऱ्याच्या टोंकाकडे पाहात होतों.

बुडणाऱ्यास कसें काढावें?

अशा प्रकरणांत दुसरा जीव बहुधा पहिल्यास वांचवितांनाच जातो. बुडणारा माणूस हातीं येईल त्यास मिठी मारतो व खालीं दाबतो; तेथें प्रेम अगर शौर्य चालत नाहीं. म्हणून उडी टाकूं नये. आधीं ओरडून माणसें जमवावीं. मग काठावर पालथें निजून लांब काठी पुढें करावी, किंवा दोर, धोतर, पागोटें, लुगडें जें असेल तें फेकावें. झांकण घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा डबा दोरास बांधून फेकला तर बुडणाऱ्यास तो आधार पुरतो. मुक्कामास जातांना असा एक डबा व पन्नास फूट दोर सामानांत सर्वांत वर ठेवावा. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास बंद असेल तर पोट दाबीत वेळ दवडूं नये. तोंडानें श्वास देणें व छाती दाबणें ताबडतोब सुरू करावें आणि दवाखान्यास निरोप धाडावा. हें शिक्षण गांवांतील निदान चार तरुणांनीं घेऊन ठेवावें.

घरचें तळें

परत आल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, धरण दूर आहे, पण धोका घराजवळही आहे. २०१६ सालीं 'मागेल त्याला शेततळे' ही योजना निघाली, आणि तळ्यांस प्लॅस्टिकचा कागद घालण्याचा प्रघात वाढला. त्यामुळें पाणी टिकलें, बागा वांचल्या, कित्येकांनीं मासेही सोडले. हें सर्व उत्तम झालें. परंतु तो कागद ओला झाला म्हणजे शेवाळानें लोण्यासारखा निसरडा होतो, आणि उतार तीव्र असतो. त्यांत पडलेल्या माणसास, पोहतां येत असलें तरी, वर चढतां येत नाहीं. धरणावर जाणाऱ्या मुलांची आपणांस काळजी वाटते, आणि पंपाचा फुटबॉल काढण्यास आपण स्वतः एकटे त्या कागदावर उतरतों.

घरीं आल्यावर आठ दिवसांत आम्हीं आमच्या शेततळ्याभोवतीं तारेचें कुंपण केलें. चारी बाजूंस मजबूत खुंट पुरून हात-हातावर गांठी मारलेले दोर पाण्यांत सोडले. काठावर झांकण लावलेले दोन रिकामे डबे टांगले. जुन्या टायरांची एक शिडी कागदावर ठेवली. हें काम दोघां पुतण्यांनींच केलें. खर्च एका पाळीच्या खतापेक्षां कमी आला.

वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, हा अंक वाचून झाल्यावर आपल्या शेततळ्यावर एक चक्कर मारावी, आणि चारी बाजूंस दोर आहे कीं नाहीं तें पाहावें. नसल्यास येत्या आठवड्याच्या बाजारीं तो आणावा. मुलें तळ्यावर मुक्कामास निघालीं तर त्यांस अडवूं नये. पन्नास फूट दोर, एक रिकामा डबा आणि शिसें बांधलेला गांठींचा दोरा त्यांच्या हातीं द्यावा, व गळ अडकला तर कापून टाकावा असें सांगावें.

त्या बापाचा पत्ता आम्हांस ठाऊक होता. भंडारदऱ्याहून परतल्यावर आम्ही त्यांच्या घरीं जाऊन आलों, आणि दोऱ्यास गांठी कशा मारल्या, पाणी कसें मोजलें तें त्यांस सांगितलें. त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. मग ते आंत गेले व त्यांच्या धाकट्या मुलास बाहेर बोलावून म्हणाले, "हे भाऊसाहेब काय सांगतात ते ऐक." आम्हीं पुन्हां पहिल्यापासून सांगितलें.